स्प्रिंगमध्ये बी चालतील, सी नको: टॅग वाचवायचं गणित

तुझा प्रश्न वाचला. थोडक्यात असं की तू नाशिकची, पप्पांची बाग निफाडकडे, तू कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजला दुसऱ्या वर्षाला, यूसी डेव्हिसला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे यूसीचं डेव्हिस कॅम्पस) व्हिटिकल्चर-इनॉलॉजीसाठी, म्हणजे द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीसाठी, टॅग केलंयस (अटी पाळल्या तर कम्युनिटी कॉलेजातून तिथे प्रवेशाची हमी) आणि त्यात 3.2 जीपीएची, म्हणजे 4 पैकी सरासरी ग्रेडची, अट आहे. फॉलमध्ये, म्हणजे डिसेंबरला संपलेल्या सेमिस्टरमध्ये, ऑरगॅनिक केमिस्ट्रीला सी, फिजिक्स आणि स्टॅट्सला बी. आता सुट्टीत घरी आलीयेस, घरच्यांना काही सांगितलेलं नाही आणि गेलं सगळं असं वाटतंय.

नाही गेलं. मी याच रस्त्याने डेव्हिसला गेले होते, आता परत नाशकात असते, आणि दर डिसेंबरला असा एक तरी मेसेज येतोच.

आधी गणित करू कारण घाबरलेला माणूस गणित करत नाही. प्रत्येक युनिटला (कोर्सच्या क्रेडिटला) ए चे 4, बी चे 3, सी चे 2 पॉइंट. तू दिलेल्या आकड्यांप्रमाणे फॉलच्या आधी 34 युनिट आणि 122 पॉइंट, म्हणजे 3.59. फॉलचे 13 युनिट: ऑरगॅनिक 5 युनिट सी म्हणजे 10 पॉइंट, बाकी दोन चार-चार युनिटचे बी म्हणजे 24. एकूण 47 युनिटला 156 पॉइंट, जीपीए 3.32. आजच्या घडीला तू अटीच्या वरच आहेस! स्प्रिंगचे, म्हणजे पुढच्या सेमिस्टरचे, 13 युनिट धरून ट्रान्सफरला लागणारे 60 होतात. सगळीकडे बी आले तर 195 भागिले 60, म्हणजे 3.25, चालतंय. पण चार युनिटच्या एका विषयात सी आला आणि बाकी बी, तर 3.18, म्हणजे गेलं. तोच सी आला पण दुसऱ्या चार युनिटच्या विषयात ए आला तर परत 3.25. आपल्याकडे पहिल्या वर्षी घसरलं की शेवटच्या वर्षी भरून काढू असं म्हणायची सवय असते ना, ती इथे उपयोगाची नाही कारण 47 युनिट मागे साचलेत, स्प्रिंगमध्ये सगळे ए मारलेस तरी 3.47 च्या वर जात नाही. म्हणून आता वर चढायचा विचार सोड, खाली न घसरणं एवढंच काम आहे.

ऑरगॅनिक परत देऊ का असं विचारलंयस. नको. एटीकेटी, इम्प्रूव्हमेंट हे आपल्या डोक्यात बसलेलं असतं, पण यूसीमध्ये सी किंवा त्याहून वरचा ग्रेड असलेला कोर्स पुन्हा केला तर नवीन ग्रेड ते धरतच नाहीत. तुला साधा सी आहे ना? सी मायनस असता तर गोष्ट वेगळी होती, तो 1.7 धरतात आणि तो कोर्स पुन्हा करता येतो. साधा सी असेल तर विषय पास झाला, विसर त्याला.

आता खरा उपाय सांगते. विंटर सेशनमध्ये, म्हणजे फॉल आणि स्प्रिंगच्या मधल्या छोट्या सत्रात, एक 3 युनिटचा ऑनलाइन कोर्स घे, लॅब नसलेला, यूसी ट्रान्सफरेबल (यूसीत धरला जाणारा) असलेला, असिस्टच्या साइटवर (कॉलेजचा कोणता कोर्स यूसीत चालतो ते तिथे दिसतं) खात्री करून. त्यात ए आला तर 50 युनिटला 168, म्हणजे 3.36. मग स्प्रिंगमध्ये एक सी आला आणि बाकी बी, तरी 63 युनिटला 203, म्हणजे 3.22. टॅग वाचलं. पण ए च हवा, बी आला तर हाच हिशोब 3.17 वर येतो. तुझ्या कॉलेजात विंटर नसेल तर दुसऱ्या कम्युनिटी कॉलेजातून घेता येतो, फक्त तुझं स्प्रिंग सुरू व्हायच्या आत तो संपतोय का बघ आणि तिथलीही ट्रान्सक्रिप्ट पाठवावी लागेल. आणि हे कोर्स पाच-सहा आठवड्यांत सेमिस्टरभराचं कोंबतात, शिवाय तिकडचं घड्याळ आपल्या साडेतेरा तास मागे, म्हणजे लाइव्ह परीक्षा असली तर इथे मध्यरात्र. लग्नसराईत जानेवारीभर नातेवाईकांकडे फिरायचं असेल तर नको घेऊस, अर्धवट केलेला कोर्स नुकसानच करेल.

स्प्रिंगच्या विषयांबद्दल. मेजर प्रेपचे (तुझ्या मुख्य विषयासाठी आधी लागणारे) जे राहिलेत ते करावेच लागतील, पण त्याच्या जोडीला कोणता प्रोफेसर, कोणता सेक्शन (त्याच विषयाचा कोणता वर्ग) हे तुझ्या हातात आहे. सुरुवातीला 16 युनिट रजिस्टर कर, पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचा सिलॅबस उघड आणि फक्त वेटेज बघ: फायनल किती टक्के, होमवर्क किती, कमीत कमी मार्कांची क्विझ सोडतात का. फायनलला अर्धे मार्क ठेवणारा सेक्शन तुझ्यासारखीला धोक्याचा, ऑरगॅनिकमध्ये हेच झालं असणार. जो नको वाटेल तो ठरलेल्या मुदतीत ड्रॉप केलास तर डब्ल्यूसुद्धा (विषय सोडल्याची ट्रान्सक्रिप्टवरची नोंद) लागत नाही. मुदतीनंतर डब्ल्यू मिळतो, साधारण पाऊण सेमिस्टरपर्यंत, आणि तो जीपीएत धरत नाहीत, पण तुझं गणित 13 वर आलं की डब्ल्यू परवडत नाही. एक विषय सोडलास की 60 युनिट पुरे होत नाहीत, आणि एफ-1 ला (विद्यार्थी व्हिसाला) किमान 12 युनिट लागतात, त्याखाली जायचं तर आधी डीएसओची (कॉलेजात व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याची) परवानगी, नंतर नाही. फुल टाइममध्ये ऑनलाइनचा एकच कोर्स धरतात हेही लक्षात ठेव, नाहीतर सोपं म्हणून दोन ऑनलाइन घेशील आणि व्हिसाचं लफडं होईल. पास/नो पास, म्हणजे ग्रेडऐवजी नुसतं पास-नापास, मेजर प्रेपच्या विषयाला करू नकोस.

जानेवारीत ट्रान्सफर अकॅडमिक अपडेट, म्हणजे यूसीला ताजे ग्रेड आणि विषय कळवायचा फॉर्म, उघडेल, 31 जानेवारीपर्यंत भरायचं. त्यात फॉलचे ग्रेड जसे आहेत तसे टाक, विंटर घेतला असेल तर तोही, आणि स्प्रिंगचे विषय जे खरंच करणार आहेस तेच. म्हणूनच सेक्शनची अदलाबदल त्या तारखेच्या आत उरकून टाक. नंतर काही बदललं तर डेव्हिसला पोर्टलवरून लगेच कळव. सी पेक्षा न कळवलेला बदल जास्त महाग पडतो हे माझं पक्कं मत आहे, कारण सी त्यांनी भरपूर पाहिलेत, पण मुलीने एक सांगितलं आणि ट्रान्सक्रिप्टवर दुसरं निघालं की ऑफर काढून घ्यायचा त्यांना हक्क आहे.

ऑफर आल्यावरही मुलं सैल सोडतात. तुझ्या पप्पांना विचार, व्यापाऱ्याने भाव ठरवला तरी माल गाडीत चढेपर्यंत कोणी पैसे मोजत नाही, ही ऑफर तशीच आहे. लेटरमध्ये अटी असतात: सांगितलेले कोर्स पूर्ण, कशातही सी च्या खाली नको, जीपीए इतका. त्या नीट वाच, 1 जूनच्या आत एसआयआर (येणार असल्याचा होकार) भर, आणि जूनमध्ये घरी यायचं तिकीट काढण्याआधी फायनल ट्रान्सक्रिप्ट ऑर्डर करून ठेव, ग्रेड लागल्यावर पाठवा असा पर्याय असतो. 1 जुलैची मुदत असते आणि तिकडच्या ऑफिसला नाशिकवरून फोन लावत बसणं हा वेगळाच छळ आहे.

फ्रेस्नो स्टेट या कॅलिफोर्नियातल्याच दुसऱ्या विद्यापीठालाही अर्ज केलायस हे बरं केलंस. तिथे कॉलेजची स्वतःची वायनरी आहे, त्याला दुय्यम समजू नकोस.

पप्पांना आजच सांग. वरचे आकडे कागदावर लिहून दाखव, बागेवाल्या माणसाला हिशोब कळतो. आणि विंटरचं रजिस्ट्रेशन बंद व्हायच्या आधी कोणता कोर्स बघतेयस ते इथे लिही, मी रात्री दहानंतर असते, असिस्टवर तपासून सांगते.