नळीतून उजेड दिसेपर्यंत

चिरंजीव,

तू .४५० बुशमास्टरची सेमी-ऑटोमॅटिक (बार झाला की पुढचं काडतूस आपोआप चढवणारी) रायफल घेतलीस, ते बरं केलंस. मिशिगनच्या दक्षिण भागात सरळ पुंगळीच्या (म्हणजे तोंडाशी गळा न आवळलेल्या धातूच्या कवचाच्या) काडतुसांनी हरणाची शिकार करायला २०१४ साली परवानगी मिळाली आणि तेव्हापासून इथे हीच रायफल जास्त दिसते. आता शिशाच्या गोळ्या घरी ओतून काडतुसंही स्वतःच भरायची म्हणतोस. जरूर भर. पण आधी माझ्यावर गुदरलेलं ऐक.

बारा वर्षांपूर्वी रेंजवर एक बार दबका वाजला आणि बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागे आलाच नाही. माझा हात सवयीने चार्जिंग हँडलकडे, म्हणजे बोल्ट हाताने मागे ओढायच्या मुठीकडे गेला. शेजारच्या बाकावरच्या म्हाताऱ्या शिकाऱ्याने माझं मनगट घट्ट धरलं. पुंगळीत बंदुकीची दारू पडलीच नव्हती. नुसत्या प्रायमरच्या (दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीच्या) जोराने गोळी नळीत जाऊन अडकली होती. मागून दुसरी सोडली असती, तर नळी माझ्या तोंडासमोर फाटली असती.

सेमी-ऑटोमॅटिकचा खरा धोका हाच आहे. बोल्ट अडला की तो मोकळा करायला हात आपोआप धावतो. म्हणून आवाज हलका आला, धक्का कमी बसला किंवा बोल्ट अर्धवट राहिला, तर थांब. नळी समोरच्या बांधाकडेच ठेवून मिनिटभर वाट बघ. मग मॅगझीन काढ, बोल्ट उघड. नळीतून आरपार उजेड दिसेपर्यंत दुसरं काडतूस घालायचं नाही.

चूक मात्र घरच्या टेबलावरच होते. टेबलावर दारूचा एकच डबा ठेव. पन्नास पुंगळ्या भरल्या की गोळ्या बसवण्याआधी प्रत्येकीत टॉर्च मारून पातळी बघ. रिकामी आणि दुप्पट भरलेली, दोन्ही तिथेच सापडतात. माप छापील पुस्तकातलंच घे, तेही त्याच वजनाच्या ओतीव गोळीचं. किमानापासून थोडं थोडं वर चढ. पण किमानाच्याही खाली जाऊ नकोस: एच-११० सारखी दारू फार कमी भरली तर नीट पेटत नाही आणि गोळी पुन्हा नळीतच अडकते.

बोल्ट पूर्ण मागे येत नाही म्हणून कमाल माप ओलांडायचं, हा मोह आवर. .२२३ या बारीक काडतुसाची दाबाची मर्यादा ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), तुझ्या काडतुसाची ३८,५००. तुझ्या पुंगळीचं बूड रुंद असल्यामुळे बोल्टचं तोंड जास्त कोरलेलं असतं, त्यात धातू कमी उरतो. प्रायमर चपटा दिसेपर्यंत मर्यादा कधीच मागे पडलेली असते.

हे काडतूस चेंबरमध्ये पुंगळीच्या तोंडावर टेकतं. ओतीव गोळी बसवण्यासाठी तोंड थोडं फुलवावं लागतं. नंतर टेपर क्रिंपने (तोंड हलकेच दाबून बसवणाऱ्या साच्याने) ते नुसतं सरळ कर, आत वळवू नकोस. नळीतल्या खाचांचं माप घे आणि गोळी त्याहून इंचाचा एक हजारांश भाग जाड ठेव. सैल गोळीच्या कडेने गॅस निसटतो आणि शिसं नळीला चिकटतं. गोळीच्या बुडाला तांब्याचा गॅस चेक (गॅस अडवणारी छोटी वाटी) हवाच.

शिसं ३२७ अंश सेल्सिअसला वितळतं. भांड्यात पाण्याचा थेंब पडला तर वाफ होऊन शिसं अंगावर उडतं. गॅरेजचं दार उघडं ठेव, चहाचा कप आत नेऊ नकोस, आणि पोरांना उचलून घेण्याआधी हात धुऊन कपडे बदल.

पहिल्या पन्नास पुंगळ्या गोळ्या न बसवता माझ्याकडे घेऊन ये. टॉर्च दोघं मिळून मारू.

तुझा,
काका