खाले जपेल व्हता का?

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा आप्पांचा फोन आला. परदेशात डॉक्टरकी शिकलेल्यांना इथे द्यावी लागते ती स्क्रीनिंग परीक्षा तू पास झालीस, हे त्यांनी तीनदा सांगितलं. मग आवाज खाली करून विचारलं, "डॉक्टर, इंटर्नशिप धुळ्यालाच करायची म्हणते. मुंबईला गेली तर पुढे एमडीला सोपं नाही का जाणार?" मी त्यांना काही बोललो नाही. तुलाच लिहितो.

धुळ्यालाच कर. आणि ते वर्ष सही मारून काढू नकोस.

बाहेरून शिकून आलेली पोरं इथे एकच चूक करतात. इंटर्नशिपला नाव लावायचं, वरिष्ठांना गोड बोलून दुपारी निसटायचं आणि लायब्ररीत नीट-पीजीचे, म्हणजे एमडीच्या प्रवेश परीक्षेचे, प्रश्न सोडवत बसायचं. प्रश्न सोडवायचेच आहेत, पण तेवढ्याने हात चालत नाहीत. तिकडे किर्गिझस्तानात, बिश्केकला, तुम्हा पोरांना पेशंटला हात लावायला किती मिळायचं, हे तूच मला सांगितलं होतंस. ती कसर भरून काढायला हे बारा महिनेच आहेत. एकदा जेआर वन, म्हणजे पहिल्या वर्षाची रेसिडेंट डॉक्टर, झालीस की कोणी शिकवायला थांबत नाही, तुझ्याकडून काम अपेक्षित असतं.

एक गोष्ट सांगतो, माझीच आहे. मी काही परदेशात शिकलो नव्हतो, मुंबईत शिकलो होतो. इकडचं रेसिडेन्सीचं पहिलं वर्ष, पावसाळा, पहाटेचे साडेचार. एक बाई बारा वर्षांच्या पोराला घेऊन कॅज्युअल्टीत आली. पोट दुखतंय, एकदा उलटी झाली. पोट दाबून पाहिलं, मऊ होतं. अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन लिहिलं आणि पुढचा केसपेपर ओढला. इंजेक्शन भरता भरता सिस्टरांनी त्या बाईला सहज विचारलं, "माय, रातले खाले जपेल व्हता का?" खालीच झोपला होता. सिस्टरांनी त्याला वर बघायला लावलं. पापण्या अर्ध्यावरच राहिल्या.

मण्यार. चावल्याची खूण बऱ्याचदा सापडतच नाही, सूज नाही, पहाटे नुसतं पोट दुखतं. मी मग पुस्तकाप्रमाणे धावलो. कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिली रक्त घेतलं, वीस मिनिटं न हलवता ठेवलं, नळी तिरकी केली. रक्त गोठलेलं. मला हायसं वाटलं, आणि तिथे मी दुसऱ्यांदा चुकलो. ती चाचणी घोणस आणि फुरशासाठी. त्यांच्या विषाने रक्त गोठत नाही. मण्यारीचं विष मज्जातंतूंवर काम करतं, रक्त छान गोठतं आणि श्वास थांबतो. सिस्टरांनी मला विचारलंसुद्धा नाही, सर्पदंशाच्या लसीच्या दहा कुप्या ट्रेमध्ये काढून ठेवल्या होत्या. भूलवाले येऊन नळी घालेपर्यंत वॉर्डातले मामा आणि मी आलटून पालटून हाताने श्वास द्यायची अंबू बॅग दाबत होतो. पाचव्या दिवशी पोरगं पोहे खाऊन घरी गेलं.

मला अजून बोचतं ते वेगळंच. माझ्या घरात अहिराणीच बोलायचे. पण पांढरा कोट चढवला की मी पुस्तकी मराठीत "वेदना कुठे होतात" असं विचारायचो. त्या बाईला काय कळणार? तू बिश्केकला पेशंटशी बोलायला रशियन शिकलीस. मग धडगावच्या आदिवासी बाईसाठी तिच्या पावरी बोलीतली दहा वाक्यं शिकायला काय हरकत आहे? अहिराणी तर तुझी आहेच, फक्त कोटाच्या आत लपवू नकोस. सिकलसेल या रक्ताच्या आजाराचं पोरगं हाडं दुखतात म्हणून रडत येतं तेव्हा "याआधी असं कधी झालं होतं" हे तिच्या भाषेत विचारल्याशिवाय आई सांगत नाही.

बाकी कामाचं थोडं. मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी हातात आल्याशिवाय एक दिवसही वॉर्डात उभी राहू नकोस, ते दिवस धरत नाहीत. नीट-पीजीसाठी इंटर्नशिप कोणत्या तारखेच्या आत संपायला हवी ते बघून मागे मोजत ये. एका महिन्याच्या रजेने पूर्ण वर्ष गेलेली पोरं मी पाहिली आहेत. आणि अंदाजपंचे उत्तर मारायची सवय मोड. स्क्रीनिंगला 300 पैकी 150 पुरतात, चुकलं तर काही कापत नाहीत. नीट-पीजीत बरोबरला चार, चुकीला एक वजा.

शाखा आत्ताच ठरवू नकोस. लोक त्वचा नाहीतर रेडिओलॉजी सांगतील, मी त्यात पडत नाही. धुळ्याला मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन्ही रस्ते मिळतात, रात्री अपघात येतात. चार रात्री कॅज्युअल्टीत काढ आणि सकाळी स्वतःला विचार की घरी पळावंसं वाटतंय की थांबावंसं. रेसिडेन्सीत नंतर तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढावेच लागतात. शहरातली पोरं त्याला शिक्षा म्हणतात. तू तोवर तिथल्या मामा-मावशींना नावाने ओळखत असशील.

"बाहेरून केलेली का?" असं कोणी विचारलं तर हो म्हण आणि सलाइन लाव. पहिल्या फटक्यात शीर सापडली की पुन्हा विचारत नाहीत.

रविवारी ओपीडी आटोपली की ये. डिग्रीची मूळ प्रत आण, झेरॉक्स नको. काकू भरीत आणि कळण्याची भाकरी करणार आहे, आप्पांनाही घेऊन ये.

तुझा,
डॉक्टरकाका