गळ लेकीच्या हातात द्या

पाण्याकाठचे प्रश्न : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

प्रश्न : आम्ही मूळचे पेणजवळच्या खारेपाटातले. घरापुढच्या तळ्यात जिताडा पोसायचा आणि पाहुणा आला की काढायचा, यात वाढलो. माझी नऊ वर्षांची लेक इथे बास (इथला गोड्या पाण्यातला शिकारी मासा) पकडायच्या नादाला लागली आहे. व्हिडिओ बघून तिला गाठीसुद्धा पाठ. आम्ही दोघं ब्राझोस बेंड स्टेट पार्कला जातो आणि मजा येते, पण दोन गोष्टींवरून वाजतं. एक, तिला धरलेला मासा सोडायचा असतो आणि मला तो तव्यावर दिसत असतो. दुसरं, बराच वेळ काही लागलं नाही की ती कंटाळते, मी तिचा रॉड घेतो आणि ती रुसते. काय करावं?
– एक खारेपाटकर, शुगर लँड, टेक्सास

उत्तर : खारेपाटकर, दुसरं भांडण आधी घेते, कारण त्यात मी पूर्णपणे लेकीच्या बाजूची आहे. रॉड तिचा ना? मग तुम्ही त्याला हात लावायचा नाही. तुमचा रॉड गाडीतच राहू द्या. तुम्ही गळ बांधायचा, झुडपात अडकलेली टंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सोडवायची, पाण्याची बाटली धरायची आणि लांबून बघायचं. माझी मुलगी लहान असताना मी पार्कात हेच काम केलं. मी साताऱ्याची, मला मासा कळायचा तो कालवणातला. त्यामुळे शिकवायला माझ्याकडे काही नव्हतंच. तुम्हाला येतं, हीच तुमची अडचण आहे.

आता कंटाळ्याचं. नऊ वर्षांच्या मुलीला थेट बासवर बसवणं म्हणजे पहिल्याच दिवशी रायगड चढायला लावणं. बास दडून बसणारा मासा. कमळपानांच्या कडेला, पडलेल्या झाडाखाली टपलेला असतो. मनात आलं तर झडप, नाहीतर ढिम्म. तेव्हा पहिला तास ब्लूगिलला द्या. हाताच्या पंजात मावणारा हा चपटा मासा बासच्याच कुळातला (तुमचा जिताडा या कुळात बसत नाही, तो वेगळा). आठ नंबरचा बारीक गळ, वर छोटा बॉबर (पाण्यावर तरंगणारा गोळा), त्याच्याखाली दोनेक फुटांवर आमिष. आमिषाला गांडुळाचा तुकडा उत्तम, पण घट्ट मळलेल्या कणकेची गोळीही चालते. बॉबर थरथरला, बुडला, ओढला! असे चारदोन निघाले की मुलगी बासची वाट बघायला तयार होते.

मग बास. उन्हाळ्यात भर दुपारी जाऊ नका; उजाडताना नाहीतर दिवस कलताना जा. पाच इंची मऊ प्लास्टिकचा किडा घ्या, त्याच्या बरोबर मध्यावर गळ टोचा, शिसं लावू नका. कमळपानांच्या कडेला टाकला की तो दोन्ही टोकं हलवत सावकाश खाली जातो. इथे लेकीला एकच गोष्ट शिकवा : किड्याकडे बघायचं नाही, टंगूसकडे बघायचं. बास बहुतेकदा किडा खाली जातानाच घेतो, तोंड उघडून पाण्यासकट आत ओढतो. हाताला काही कळतच नाही. दिसतं ते एवढंच, की पाण्यावर सैल पडलेली टंगूस बारीक उडी मारते आणि आडवी चालायला लागते. वाऱ्याच्या उलट दिशेला चालली तर मासाच. सैल आवळायची आणि रॉड उचलायचा. हे तिला एकदा स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं, की तिला पुन्हा पुन्हा पाण्यावर न्यायला तुम्हाला सुट्ट्या पुरणार नाहीत.

राहिला तवा. सोडणं म्हणजे पुण्य आणि खाणं म्हणजे पाप, असं मी मानत नाही. बासचा जागतिक विक्रम जॉर्ज पेरी यांचा. 2 जून 1932 रोजी जॉर्जिया राज्यात त्यांनी 22 पौंड 4 औंसांचा बास धरला, वजन नोंदवलं आणि घरी नेऊन घरच्यांनी खाल्ला. मंदीचे दिवस होते, दुसरं काय करणार? 2009 साली या विक्रमाची बरोबरी झाली ती जपानच्या बिवा सरोवरात. तिथे बास हा बाहेरून आणलेला, स्थानिक मासे फस्त करणारा मासा. म्हणून धरलेला बास पुन्हा पाण्यात सोडायलाच 2003पासून बंदी आहे. म्हणजे सोडायचं की खायचं, हे त्या पाण्यावर ठरतं.

तुमच्या पाण्याचं सांगते. टेक्सासचा साधारण नियम असा, की 14 इंचांपेक्षा लहान लार्जमाउथ, म्हणजे आपला हा बास, ठेवायचा नाही आणि माणशी दिवसाला पाच. काही तळ्यांचे नियम वेगळे असतात, तेव्हा गेटवर विचारा. वसंतात मात्र लेकीचं ऐका. तेव्हा नर शेपटीने तळ झाडून घरटं करतो आणि अंडी-पिल्लांची राखण करतो. त्याला उचललं तर मघाचेच ब्लूगिल अंडी साफ करतात. एरवी तव्याची हौस कॅटफिशवर भागवा. चवीला मला तोच बरा वाटतो, आणि त्यावरून तुमच्या घरात भांडणही होणार नाही.

ब्राझोस बेंडला जाता म्हणून एक बजावते. तिथल्या मगरी (अ‍ॅलिगेटर) शोभेच्या नाहीत. 30 फूट अंतर ठेवायचं. धरलेले मासे दोरीला ओवून पाण्यात टांगून ठेवायचे नाहीत. आणि गळाला लागलेल्या माशामागे मगर आली तर खेचाखेची न करता टंगूस कापायची. मासा गेला तर गेला.

प्रश्न : माझा मुलगा बास धरतो आणि सोडतो. भारतातून आलेल्या सासूबाई म्हणतात, “खायचा नाही तर त्या जिवाला उगाच त्रास कशाला?” काय उत्तर देऊ?
– एक सूनबाई, ऑस्टिन

उत्तर : त्रास होत नाही असं सांगू नका, होतो. आजींचा मुद्दा खोडण्यापेक्षा मुलाकडून चार गोष्टी करून घ्या. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीने दाबून सपाट करायचा, म्हणजे तो चटकन निघतो. माशाला हात लावण्याआधी हात ओले करायचे, नाहीतर अंगावरचा चिकट थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. खालचा जबडा अंगठ्याने धरायचा (दात पॉलिशपेपरसारखे खरखरीत असतात, चावत नाहीत), पण मोठा मासा असेल तर दुसरा हात पोटाखाली हवाच. नुसत्या जबड्यावर आडवा पेलला तर जबडा दुखावतो. गळ खोल गिळला असेल तर उपटायचा नाही, टंगूस तोंडाजवळ कापायची. आजींना एकदा सोबत न्या. पटलं नाही तरी नातू काय करतो ते त्यांना दिसेल.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलासाठी कोणता रॉड घेऊ? लायसन लागतं का?
– एक आई, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : ताई, बटण दाबून टंगूस सोडायची, ती झाकलेली रीळ घ्या. उघड्या रिळावर गुंता होतो आणि तो सोडवण्यात तुमचीच सकाळ जाते. झेबको कंपनीची 33 नंबरची रीळ 1954पासून मुलांच्या हातात आहे. ही ओक्लाहोमातल्या टल्साची कंपनी आधी तेलविहिरींसाठी बॉम्ब बनवायची, हे मुलाला जरूर सांगा, रिळाचा मान वाढेल. पाच-साडेपाच फुटांचा रॉड आणि आठ पौंडी टंगूस पुरे. तुमच्या राज्यात 16 वर्षांखालच्या मुलाला लायसन नको, तुम्ही स्वतः गळ टाकणार असाल तर तुम्हाला हवं. आणि 15 एप्रिल ते 15 जून या काळात तिथे धरलेला बास लगेच सोडावा लागतो, तेव्हा त्या दिवसांत बादली नेऊ नका.