राजवाड्यामागची रात्र: इंदूरच्या खाण्याबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात उज्जैन-महेश्वरच्या सहलीवर लेख आला आणि लगेच पत्रं सुरू झाली: देवदर्शन ठीक, पण इंदुरात मुक्काम असतो, तिथं खायचं काय? संपादकांनी ती पत्रं माझ्याकडे पाठवली. माझं माहेर-सासर दोन्ही इंदूरचं आणि घर रामबागेत, तेव्हा उत्तरांमध्ये पक्षपात असणारच. तो गोड मानून घ्या.

ताई, आम्ही डिसेंबरात उज्जैन आणि ओंकारेश्वर करून दोन रात्री इंदुरात राहणार आहोत. सोबत चौऱ्याहत्तर वर्षांच्या सासूबाई आणि दोन मुलं. हॉटेल राजवाड्याजवळच घेतलंय. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीचं फार ऐकलंय, पण तिथं गेल्यावर नेमकं कुठून सुरू करायचं ते कळत नाही. (ठाणे)

सराफ्याला जायच्या रात्री हॉटेलात जेवू नका, आणि त्या दिवशी दुपारचं जेवणही बेतानंच घ्या. महाराष्ट्रातून आलेले पाहुणे आधी थाळी जेवतात, मग ‘जरा चक्कर मारू’ म्हणून सराफ्यात येतात आणि पहिल्याच दोन पदार्थांत हात टेकतात. आमच्याकडे पाहुणे आले की त्या संध्याकाळी मी घरात कुकरच लावत नाही.

दुसरं, घड्याळ सांभाळा. इंदूरच्या जुन्या वस्तीत काय खावं यापेक्षा कधी खावं हे जास्त महत्त्वाचं. सराफा दिवसा खरोखरच सराफा असतो: सोन्या-चांदीच्या पेढ्या, तराजू, लग्नाच्या खरेदीला आलेली खेड्यापाड्यांतली कुटुंबं. रात्री आठ-साडेआठला शटर खाली यायला लागतात आणि त्याच दुकानांच्या पायऱ्यांवर, ओट्यांवर कढया चढतात. खरी गर्दी दहानंतर, आणि ती दीड-दोनपर्यंत हटत नाही. रात्रभर माणसांची वर्दळ राहिली की पेढ्यांची राखण फुकटात होते, म्हणून सराफांनीच हे खाणं दारात बसू दिलं, असं इथले जुने लोक सांगतात.

सासूबाई सोबत आहेत म्हणून तुम्ही नऊच्या सुमारास या, आणि शनिवार-रविवार टाळा. बसायला जागा अशी नाहीच. एखाद्या बंद दुकानाची पायरी मोकळी दिसली की त्यांना तिथं बसवा आणि मुलांना पदार्थ आणायच्या कामाला लावा. एका वेळी एकच पदार्थ, तोही एकच प्लेट, पाच जणांत. दुसरी प्लेट घ्यायचा मोह होईल, तेव्हा पुढच्या कढईकडे चालू लागा.

डिसेंबरात येताय म्हणजे नशीबवान आहात, कारण गराडू फक्त थंडीत मिळतो. आपल्या कोनफळाच्या कुळातला हा कंद. त्याचे तुकडे तळून ठेवलेले असतात, तुम्ही मागितले की पुन्हा कडकडीत तुपा-तेलात सोडतात आणि वर लिंबू पिळून जिरावण भुरभुरतात. जिरावण म्हणजे जिरं, हिंग, काळं मीठ, आमचूर वगैरेंचा आमचा मसाला. इंदुरात तो पोह्यांपासून पेरूपर्यंत कशावरही पडतो. गराडू उभ्या-उभ्या, जीभ भाजत खायचा. गार झाला की कामातून गेला, त्यामुळे फोटो नंतर.

त्यानंतर भुट्टे का कीस. मक्याची कणसं किसून तो कीस तुपात हिंग-मोहरी-हिरव्या मिरचीच्या फोडणीवर परततात आणि दूध घालून शिजवतात. वर खोबरं, कोथिंबीर, लिंबू. सासूबाईंना दातांचा त्रास असेल तर हा त्यांचा पदार्थ. याचा खरा हंगाम पावसाळा, कणसं कोवळी असतात तेव्हा, पण थंडीतही चांगला लागतो.

मुलांसाठी जोशींचा दहीवडा. इथं दहीवड्याचा द्रोण हवेत उडवून झेलतात, आणि एकाच चिमटीत धरलेले निरनिराळे मसाले एकेक करून वेगळे सोडून दाखवतात. मुलं डोळे विस्फारून बघतात, मोठी माणसं मोबाईल काढतात. तमाशा बाजूला ठेवला तरी वडा मऊ असतो आणि दही आंबट नसतं, म्हणून मी अजून तिथं जाते. मग विजय चाट हाऊसची खोपरा पॅटिस: बाहेरून बटाटा, आत ओल्या नारळाचं गोडसर-तिखट सारण. कोकणातल्या माणसाला ही माळव्यात भेटली की हमखास घरची आठवण येते.

गोडात जलेबो. एकच जिलबी, पण ताटलीभर. पाच जणांना पुरून उरेल. थंडीत मूगडाळीचा हलवा आणि गाजराचा हलवा असतो, त्यांतला मूगडाळीचा निवडा. मालपुवा रबडीबरोबर देतात आणि तो जड पडतो, त्यामुळे दुसऱ्या रात्रीसाठी ठेवा.

मोमो, नूडल्स, पेटलेलं पान, धूर सोडणारी बिस्किटं हेही कदाचित दिसेल. हे सगळं ठाण्यातही मिळतं. त्यासाठी उभं राहून सराफ्यातली भूक का घालवायची?

आणि हो, संध्याकाळी आधी होळकरांचा राजवाडा बघून घ्या. सात मजली, खालचे तीन दगडी, वरचे चार लाकडी. १९८४च्या दंगलीत तो जळला होता, पुढे दुरुस्त झाला. तिथून सराफा पायी पाच मिनिटांवर आहे, गाडी आणू नका. चालत येण्यानं भूकही लागेल.

मी पुण्याची. इंदुरी पोह्यांचं एवढं कौतुक कशासाठी? शेवटी कांदेपोहेच ना? (पुणे)

नाही. तुमच्या कांदेपोह्यात कांदा फोडणीत शिजतो, शेंगदाणे खमंग होतात आणि पोहे कढईतून थेट बशीत येतात. इंदुरी पोह्यांत तेल कमी, हळद आणि साखर जराशी, आणि बडीशेपेचा वास. शिजलेले पोहे उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या मोठ्या भांड्यात वाफेवर राहतात, त्यामुळे सकाळी सहाला घेतलेली प्लेट आणि दहाला घेतलेली प्लेट सारखीच मऊ असते. कांदा वरून, कच्चा. त्यावर शेव, जिरावण, लिंबू, कोथिंबीर, कधी डाळिंबाचे दाणे. शेजारी गरम जिलबी. घास पोह्यांचा, तुकडा जिलबीचा, आणि मध्ये चहा.

हे सकाळचं खाणं आहे. अकरानंतर पोहे शोधत फिरू नका. मिळतील, पण सकाळचे ते नव्हेत. राजवाड्याच्या भोवती कुठल्याही गल्लीत शिरा आणि जिथं ऑफिसला निघालेली माणसं स्कूटर स्टँडवर लावून उभी आहेत, तिथं थांबा. दुकानाचं नाव विचारू नका, माझं माझ्या जावेशीसुद्धा यावर एकमत नाही.

१८१८मध्ये मंदसोरच्या तहानंतर होळकरांची राजधानी इंदूरला आली आणि राजवाड्याभोवती मराठी कारकून, भटजी, शिलेदारांची घरं वाढली. पोहे त्यांच्याबरोबर माळव्यात आले, असं आम्ही इंदूरचे मराठी लोक छाती काढून सांगत असतो. जिलबी शेजारी बसवण्याचं श्रेय मात्र माळव्याचं. पुण्याहून आलेली माझी आतेबहीण पहिल्या सकाळी ‘पोह्यांबरोबर गोड?’ म्हणून नाक मुरडत होती. तिसऱ्या सकाळी जिलबी संपली म्हणून दुकानदाराशी हुज्जत घालत होती.

आईचा सोमवार असतो आणि आम्ही नेमके सोमवारी सराफ्यात असू. तिथली साबुदाण्याची खिचडी उपासाला चालेल का? (कोल्हापूर)

चालेल, पण आधी बोलून घ्या. आपल्या घरी साबुदाणा तुपात परतून दाण्याचं कूट घालतात. इथं साबुदाणा पोह्यांसारखाच वाफेवर मऊ आणि मोकळा ठेवतात, आणि गिऱ्हाईक आलं की एका प्लेटपुरता काढून त्यात मसाला, बटाट्याचा तळलेला चिवडा, मिरची, कोथिंबीर, लिंबू घालून तुमच्यासमोर कालवतात. त्यामुळे फायदा असा, की नको ते वगळता येतं. ‘भैया, उपवास का है, फलाहारी मसाला’ एवढं म्हणा. आईंना कोथिंबीर किंवा हळद चालत नसेल तर तेही आधीच सांगा, कालवल्यावर उपयोग नाही. अगदी कडक उपास असेल तर भांडी-तेल वेगळं आहे का, ते विचारायला लाजू नका, इथं रोज कोणी ना कोणी विचारतंच.

नाहीतर कढईतलं दूध आहेच. रुंद कढईत आटत आलेलं केशराचं दूध, वर साय. एक कुल्हड घेतलं की रात्रीचं भागतं.

शिकंजी म्हणजे लिंबू सरबत ना? आणि जरा ‘बसायची’ सोय, मांसाहार वगैरे राजवाड्याजवळ कुठे? (नागपूर)

इंदुरी शिकंजीत लिंबू नाही. ती आटीव दुधाची, केशर-वेलदोडा-सुकामेवा घातलेली, किंचित आंबूस, घट्ट आणि थंडगार असते. ग्लास छोटा वाटला तरी एक पुरे, ते जवळजवळ जेवणच असतं. सराफ्यातलं नागोरींचं दुकान त्यासाठी नावाजलेलं. पण ही दिवसाची गोष्ट, रात्रीच्या फेरीपर्यंत थांबलात तर हुकेल. दुपारी राजवाडा-गोपाळ मंदिर-काचमंदिर असं फिरून झालं की प्या.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सराफा शाकाहारी आहे आणि तिथं दारू नाही. अंडं-मटण हवं असेल तर रिक्षा करून छप्पन दुकान या दुसऱ्या खाऊगल्लीत जा. तिथं जॉनी हॉट डॉग हे १९७८पासूनचं ठिकाण आहे, त्यांचा अंड्याचा ‘बेंजो’ (बनमध्ये ऑम्लेट) आमच्या मुलांच्या कॉलेजच्या दिवसांचं मुख्य अन्न होतं. छप्पनला संध्याकाळी जायचं, रात्री सराफा. उलटं करू नका. आणि नागपूरहून गाडीनं येताय तर एवढं लक्षात असू द्या, की १ एप्रिल २०२५पासून उज्जैन, ओंकारेश्वर आणि महेश्वर इथं दारूबंदी आहे.

आम्ही दोघी मैत्रिणी, पन्नाशीच्या. रात्री अकरा-बारापर्यंत तिथं फिरणं बरं वाटेल का? आणि रस्त्यावरचं खाऊन पोट बिघडणार नाही ना? (नाशिक)

निर्धास्त जा. रात्री बाराला तिथं आजीपासून नातवापर्यंत सगळे असतात, बायकांचे घोळकेच्या घोळके असतात. त्रास होतो तो गर्दीचा. गल्ली अरुंद, दोन्हीकडून माणसं, मध्ये गरम तेलाच्या कढया. सैल ओढणी, लोंबती पर्स नको. गॅसच्या सिलिंडरांवरून आणि वाढत्या हातगाड्यांवरून सराफ आणि खाद्यवाल्यांची कुरबुरही चालू असते, आणि सराफांची बाजू मला पटते. गल्ली तेवढीच राहिली, कढया मात्र वाढल्या. धक्काबुक्की वाटली तर मधूनच बाहेर पडून राजवाड्यासमोरच्या मोकळ्या जागेत पाच मिनिटं थांबा. रंगपंचमीच्या दिवशी मात्र खाण्यासाठी म्हणून राजवाड्याकडे फिरकू नका. त्या दिवशी गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघते, सगळं शहर रंगात तिथं लोटतं. ती बघायला जरूर या, पण डबा खाऊन.

पोटाचं म्हणाल तर शहर स्वच्छतेत २०१७पासून देशात पुढे आहे आणि कचऱ्याच्या बाबतीत दुकानदारांवर नजर असते. तरीही माझा नियम असा: समोर तळलेलं, समोर कालवलेलं घ्यावं; चटणीचं पाणी आणि बर्फ टाळावा; पाण्याची बाटली आपली असावी. दही-दूध आणि तळण एकाच रात्री भरमसाट घेतलंत तर दोष सराफ्याला देऊ नका.

एका जेवणाला बसून खावंसं वाटेल. तेव्हा दुपारी दाल-बाफला घ्या. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडून मग भाजतात आणि तुपात बुडवतात. राजस्थानी बाटी नुसती भाजलेली असते, म्हणून बाफला तिच्याहून मऊ लागतो. तो कुस्करून वर डाळ ओतायची. सराफ्यात राजहंसचं नाव त्यासाठी घेतात. दोन बाफल्यांच्या वर जाऊ नका, त्या दिवशी दुपारची झोप अटळ आहे.

परत येताना काय आणू? (सांगली)

लवंग शेव आणि जिरावण. शेव दुकानात चाखून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. लवंगेचा चटका घशात उतरला की ती ताजी. जिरावण छोट्या पाकिटांत घ्या, उघडल्यावर महिन्याभरात वास उडतो. गराडू आवडला तर कच्चा कंद भाजीबाजारात मिळतो आणि प्रवासात टिकतो. घरी सोलताना हाताला खाज येते, तेव्हा आधी तेल लावा.