ऑप्टिमिस्ट (मुलांची छोटी शिडाची होडी) हाकणाऱ्या पोरांच्या नव्या पालकांसाठी

ताई, पोरगी नागपूरच्या अंबाझरी तलावावर शिडाची होडी हाकायला लागली म्हणता, छान! आता एकच करा, तिच्या होडीची शीड-दोऱ्यांची जोडणी तुम्ही करू नका. ऑप्टिमिस्ट २.३ मीटरची, जेमतेम ३५ किलोची. उचलायला हात द्या, बस. शिडाच्या दोऱ्या तिलाच बांधू द्या. शिडाची कड डोलकाठीपासून १० मिलिमीटरपेक्षा लांब राहिली तर नियमात बसत नाही. तिनं बोटानं चाचपून, सोडून, पुन्हा बांधलं की हवा कशी धरायची तेही तिला कळत जातं. तुम्ही बांधून दिलं की सगळं खलास.

शर्यत सुरू झाली की काठावरून ओरडणं बंद. बाहेरची मदत घ्यायला मनाई आहे, शिडाच्या शर्यतींच्या नियमावलीतला नियम ४१. तक्रार झाली तर शिक्षा पोरीलाच. (बाबालोकांना हे जास्त सांगावं लागतं.)

हैदराबादला हुसेनसागरवर स्पर्धेला गेलात तर परतीच्या गाडीत नंबराचा हिशेब काढू नका. आधी जेवू घाला. बोलायचं असेल तर ती स्वतःच बोलेल, बहुतेक बल्लारशाह आल्यावर.

महागडं शीड? यंदा नको. लाइफ जॅकेट मात्र मापाचंच घ्या, ‘वाढत्या अंगाचं’ नाही.