साडेसहा लाखांचं नंतर बघू, आधी प्लॉटबद्दल बोलू

नागपूरच्या मनीषनगरातून एका वाचकाचं पत्र आलं आहे. वय 47, बुटीबोरीच्या कारखान्यात नोकरी, हातात येणारा पगार 95 हजार. मुलगी सातवीनंतर शाळेत गेलेली नाही. आई घरीच शिकवते. मुलीला गणिताचं वेड आहे आणि ऑलिम्पियाडचा प्रादेशिक टप्पा तिने पार केला आहे. पुढच्या ऑगस्टसाठी तिला अमेरिकेतल्या एमआयटी, हार्वर्ड अशा ठिकाणी अर्ज करायचा आहे. 'शाळाच नाही म्हणजे केस अवघड' असं सांगून एका सल्लागाराने साडेसहा लाख मागितले आहेत. त्यासाठी सात लाखांची एफडी मोडावी, की सोनं तारण ठेवावं, असा प्रश्न आहे.

दोन्ही नको. 2016 साली मुंबईच्या एका घरी शिकलेल्या मुलीला दहावी-बारावीच्या दाखल्याशिवाय एमआयटीने घेतलं, ते इन्फॉर्मेटिक्स ऑलिम्पियाड या संगणक-प्रोग्रामिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतल्या तीन पदकांकडे बघून. एमआयटीच्या अर्जाची फी 75 डॉलर आहे. चार-पाच अर्ज, सॅट ही प्रवेशाची परीक्षा आणि आर्थिक मदतीचा फॉर्म धरला तरी सगळं पन्नास-साठ हजारांत बसतं. उरलेले सहा लाख कशाचे, हे त्या सल्लागाराला कागदावर लिहून द्यायला सांगा. परदेशी अर्जदारांतून एमआयटी शंभरात दोघांच्या आसपास मुलं घेते. या आकड्यावर कुणी 'गॅरंटी' देत असेल तर चहा पिऊन उठा.

आता पत्राच्या तळाशी तुम्ही सहज लिहून गेलेलं वाक्य: 'फीची चिंता नाही, अक्षय्य तृतीयेला जामठ्याच्या पुढे तिच्याच नावावर 36 लाखांचा प्लॉट घेतला आहे, तीन वर्षांत डबल होईल.' सोळा लाख साठवलेले, वीस लाख घराच्या कर्जावर टॉप-अप, म्हणजे वाढीव कर्ज. टॉप-अपचा हप्ता 21 हजार, जुना 18 हजार. म्हणजे 95 हजारांतले 39 हजार महिन्याच्या सुरुवातीलाच गेले आणि हाताशी उरली ती एकच एफडी. तीच तुम्ही मोडायला निघाला आहात!

तीन वर्षांत डबल म्हणजे वर्षाला 26 टक्के. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचे अडीचेक लाख गेले, टॉप-अपचं व्याज वर्षाला पावणेदोन-दोन लाख जातंय, ते वेगळंच. आणि फी तीन वर्षांनी नाही, पुढच्या ऑगस्टला लागणार. तरी समजा, मिहानची, म्हणजे विमानतळालगतच्या त्या औद्योगिक प्रकल्पाची, कृपा झाली आणि 72 लाख आले. तिकडचा एका वर्षाचा राहण्या-जेवणासकट खर्च 75 लाखांच्या पुढे आहे. म्हणजे डबल झालेल्या प्लॉटमधून पहिलं वर्षही पुरतं निघत नाही.

शिवाय विकणार कसा? मुलगी अठराची होणार त्या ऑगस्टनंतरच्या ऑक्टोबरमध्ये. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 प्रमाणे अज्ञानाची स्थावर मालमत्ता बापालाही न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. विकली तर मुलगी पुढे तो व्यवहार रद्द करून मागू शकते, म्हणून शहाणा गिऱ्हाईक हात लावत नाही. सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करून परवानगी मिळेलही, पण ती तुमच्या ऑगस्टच्या हिशेबाने मिळणार नाही. प्लॉट दाखवणाऱ्याने हे सांगितलं नसेलच, त्याचं काम रजिस्ट्रीपर्यंत.

त्याहून मोठी गंमत म्हणजे हा पैसा या कामासाठी लागणारच नव्हता. एमआयटी आणि हार्वर्ड परदेशी मुलांनाही ऐपत न बघता प्रवेश देतात आणि मग गरजेइतकी मदत करतात. तुमचं वर्षाचं उत्पन्न डॉलरमध्ये 20 हजारांच्या आतच. त्यांच्या सध्याच्या नियमांत नेहमीची मालमत्ता असलेल्या आणि एक लाख डॉलरखाली कमावणाऱ्या पालकांकडून ते सहसा काही मागत नाहीत. प्रवेश मिळाला तर पैसे बहुधा लागणार नाहीत, नाही मिळाला तर पैशाने तो मिळणार नाही. मदतीच्या फॉर्ममध्ये मालमत्ता मात्र लिहावी लागते, आणि सर्वसाधारणपणे मुलाच्या नावावरची मालमत्ता पालकांच्या मालमत्तेपेक्षा जड धरली जाते. तिच्या भल्यासाठी घेतलेला प्लॉट तिच्याच विरोधात मोजला जाईल.

माझी खरी भीती वेगळी आहे. ही दोन-चार दारं बंद झाली की हाच सल्लागार मदत न देणाऱ्या एखाद्या महागड्या विद्यापीठाचं पत्र घेऊन येईल, आणि तोवर एवढे गुंतलेले तुम्ही घर गहाण टाकून 'हो' म्हणाल. तिथे थांबायचं, हे आत्ताच नवरा-बायकोने बसून ठरवा.

पैसे खर्चायचेच तर कॉलेजात शिकवणाऱ्या चांगल्या माणसांवर खर्चा. एमआयटीला दोन शिक्षकांची शिफारसपत्रं लागतात, एक गणित-विज्ञानाच्या आणि एक भाषा किंवा समाजशास्त्रासारख्या विषयाच्या. आईचं पत्र तिथे चालत नाही, आणि तुमच्या पत्रात आईशिवाय दुसऱ्या शिक्षकाचा उल्लेखच नाही. एनआयओएसची, म्हणजे शाळेत न जाता देता येणारी मुक्त विद्यालयाची दहावी झाली, बारावी मात्र 'अमेरिकेला लागत नाही' म्हणून सोडली, हेही चुकलं. भारतीय सांख्यिकी संस्थेला बारावीचं गणित आणि इंग्रजी लागतं, आणि तिथे शिकवणी फी नाही, उलट विद्यावेतन मिळतं. या मुलीसाठी ती जागा अमेरिकेपेक्षा कमी नाही. बारावीची नोंदणी याच महिन्यात करा.

तुमच्या दोन मनीबॅक पॉलिसी मिळून विमा आठ लाख, आणि वीस लाखांचं कर्ज नुसतं टॉप-अपचं. एक कोटीचा टर्म विमा घ्या, या वयात वर्षाला तीस-पस्तीस हजार पडेल. ऑक्टोबरनंतर मुलीच्या सहीने प्लॉट विकून टॉप-अप फेडा, दोन लाख कमी आले तरी चालेल. मात्र 'आरएल (लेआउटच्या मंजुरीचं पत्र) लवकरच येणार' असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे अजून आलेलं नाही. लेआउटवाल्याकडे या आठवड्यात जा आणि एनएमआरडीएच्या, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या मंजुरीची प्रत मागा. ती हातात येईपर्यंत विक्रीचा भाव कुणाशीच बोलू नका.