क्रोमच्या मोनोग्रामवर रंग टिकत का नाही?

प्रश्न : गाडीच्या डिकीवरची क्रोमची अक्षरे काळी करायची म्हणून थेट स्प्रे मारला. दोन-चारदा गाडी धुतल्यावर रंगाचे पापुद्रे सुटले. आता आधी ॲसिडने क्रोम काढून टाकावे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ॲसिड नकोच. ही अक्षरे एबीएस प्लास्टिकची असतात. त्यावर तांबे, मग निकेल आणि सर्वांत वर क्रोमचा जेमतेम काही दशांश मायक्रॉनचा थर असतो. संडासाच्या ॲसिडने क्रोम निघते, पण त्याची वाफ छातीत जाते आणि उरलेले धातूमिश्रित पाणी गटारात ओतण्याजोगे नसते. ब्लीचने काढायला गेलात तर पाण्यात विषारी हेक्झाव्हॅलंट क्रोमियम उतरते. दोन्ही एकत्र केले तर क्लोरीन वायू सुटतो. एवढा खटाटोप करायची गरजच नाही, कारण थर घट्ट असेल तर तोच रंगाला उत्तम पाया होतो.

घोडे पेंड खाते ते घासण्यात. क्रोम कडक आणि काचेसारखे गुळगुळीत असते, त्यामुळे रंगाला धरायला काही मिळत नाही. इच प्राइमरमधल्या (धातूला आम्लाने किंचित खाऊन पकड घेणारा अस्तराचा रंग) आम्लाचाही त्यावर फारसा परिणाम होत नाही. पकड मिळते ती ओरखड्यांतूनच.

अक्षरे गाडीवर ठेवून घासू नका, बॉडीचा रंग जाईल. हेअर ड्रायरने अक्षरांमागची चिकटपट्टी मऊ होईपर्यंत गरम करा आणि मासेमारीचा तंगूस मागून करवतीसारखा ओढा. काही मोनोग्रामना मागे खुंट्या असतात. तंगूस एकाच जागी अडला तर जोर लावू नका, आतून क्लिप सोडवावी लागेल. सोडवण्यापूर्वी अक्षरांमधले अंतर मास्किंग टेपवर खुणावून घ्या.

घासण्याआधी भांड्याच्या साबणाने धुवा. वॅक्स किंवा सिलिकॉनचे पॉलिश राहिले तर ते घासताना ओरखड्यांत भरते आणि रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मग ४०० नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून फिरवा. कोरडे घासू नका, ती धूळ नाकात जायला नको. क्रोमवर कागद लवकर बोथट होतो, तो बदलत राहा. अक्षरांच्या आतल्या कोपऱ्यांत कागद पोचत नाही आणि रंग नेमका तिथूनच सुटतो. तिथे स्क्रबिंग पॅडचा तुकडा काडीने दाबून फिरवा. चकाकणारा एकही ठिपका उरता कामा नये. घासताना पिवळसर निकेल किंवा लालसर तांबे दिसले तर बिघडत नाही. प्लास्टिक उघडे पडले तर तिथे आधी प्लास्टिक प्राइमर लावा. थर फुगला किंवा पापुद्रा सुटला असेल तर तेवढा भाग खरवडून कडा सपाट करा. सुटलेल्या क्रोमची धार ब्लेडसारखी असते, हातमोजे घाला.

धुतल्यावर पाणी सलग पसरून राहिले तर पृष्ठभाग स्वच्छ. थेंब गोळा झाले तर अजून तेलकट आहे. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर वापरू नका, उघडे एबीएस त्याने विरघळते.

प्राइमर इपॉक्सीचा मिळाला तर तोच घ्या, नाहीतर इच प्राइमर. २०–२५ सेंमीवरून दोन पातळ हात द्या. पहिलाच हात जाड दिला तर अक्षरांच्या कडांवर ओघळ येतात. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. दमट हवेत लॅकरवर पांढरट झाक येते, म्हणून पावसाळी दिवस टाळा. दोन घटकांची क्लिअर (रंगावरचा पारदर्शक थर) वापरणार असाल तर साधा कापडी मास्क पुरत नाही. त्यात आयसोसायनेट, म्हणजे फुप्फुसांना घातक रसायने असतात.

पुन्हा चिकटवताना ॲक्रिलिक फोम टेप घ्या. तिला पूर्ण पकड यायला सुमारे ७२ तास लागतात, तोवर गाडी धुवू नका.

प्रश्न : समोरच्या जाळीतला मोनोग्रामही रंगवावा का? गाडीत आपोआप ब्रेक लागायची सोय आहे.
— एक वाचक, पुणे

उत्तर : काही गाड्यांत या ब्रेकसाठी पुढचे अंतर मोजणारे रडार त्या मोनोग्राममागेच असते. तसे असेल तर त्यावर घासकाम, रंग, स्टिकर काहीच नको. धातूचे कण असलेला किंवा जाड रंग रडारच्या लहरी अडवतो. गाडीचे मॅन्युअल पाहा आणि रडार दुसरीकडे आहे याची खात्री झाल्यावरच मोनोग्राम उतरवा.